चुली किती, माणसं किती

कंदील कोतवालाच्या हातात द्या, तुमचे दोन्ही हात लागणार आहेत. एका हातात खानेसुमारीचे कागद, दुसऱ्यात टाक आणि लाल शाईची दौत. आज शुक्रवार, १ मार्च १९०१. गाव एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. दिवेलागण होऊन गेली आहे. होळी चार दिवसांवर आलीय, त्यामुळे चंद्र भरत आलेला आहे आणि परकोटाच्या आतल्या गल्लीत ठेच लागायची भीती नाही. तारीख ठरवताना सरकारने चांदण्याचाही हिशेब केला होता. रात्री सात ते बारा, एवढ्या वेळात अख्खा हिंदुस्थान मोजून व्हायचा आहे, आणि त्यातली तीस-चाळीस घरं तुमच्या वाट्याला आली आहेत. पगार नाही. तुम्ही शाळामास्तर आहात. अक्षर बरं आहे आणि नाही म्हणायची सोय नाही, एवढी पात्रता पुरली.

दारादारावर गेरूने आकडे काढलेले आहेत. माहिती गेल्या काही आठवड्यांत काळ्या शाईने भरून झाली. आजची रात्र ताळ्याची. मधल्या काळात कुणी मेला असेल तर त्याच्यावर लाल रेघ, कुणी जन्मला असेल तर त्याची लाल ओळ, पाहुणा मुक्कामाला असेल तर तोही लाल. जो आज रात्री ज्या छपराखाली, तो त्या घरचा. सरकारला नातं नको आहे, हजेरी हवी आहे.

पहिला वाडा घ्या. (तो तुम्हाला नकाशात सापडणार नाही. अशा बऱ्याच वाड्यांवरून मी तो रचला आहे. गावाचे आणि प्रांताचे आकडे मात्र छापील आहेत.) दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, पुढची सपरी कवेलूची, मागची खोली धाब्याची. आत अंगण, अंगणात विहीर, एका बाजूला बैलांचा कोठा. चूल एकच, पण केवढी! तिच्यावर तेवीस माणसांची भाकर होते. थोरला भाऊ वट्ट्यावर बसूनच जबाब देतो, कारण घराच्या वतीने बोलायचं ते त्यानेच.

"धाकट्याच्या घरचीचं नाव?"

"तिचं नाव कायले पायजे सरकारले?"

मग आतून कुणीतरी म्हातारी ते नाव सांगते, आणि तुमच्या कागदावर ती बाई जन्मात पहिल्यांदा लिहिली जाते. तिच्या नवऱ्याचं नाव मात्र ती स्वतः उच्चारणार नाही, त्यासाठी शेजारच्या पोराला हाक मारा. वयाचं त्याहून अवघड. "दीड कोडी असन बाप्पा," असं उत्तर आलं की तुम्ही तीस लिहिता. वीस, तीस, चाळीस, पन्नास. तुमच्या गल्लीत एकोणतीस किंवा एकेचाळीस वर्षांचं माणूस जवळपास नाहीच. साऱ्या हिंदुस्थानात तेव्हा लोक असेच शून्यावर आणि पाचावर म्हातारे होत.

रकाने सोळा. धर्म, पंथ, लग्न झालं की नाही, वय, जात, मुख्य धंदा, जोडधंदा, जन्माचा जिल्हा, बोली, लिहिता-वाचता येतं का, इंग्रजी येतं का, आणि शेवटी वेडा, मुका-बहिरा, आंधळा, महारोगी. घराबद्दल एकही रकाना नाही. भिंत मातीची की विटेची, पाणी कुठून आणता, रात्री परसाकडे कुठे जाता, यातलं काही कुणी विचारत नाही. घर म्हणजे फक्त गेरूचा आकडा.

पुढच्या पुऱ्यात विणकरांच्या घरी जा. तिथे माग हीच घराची मोठी खोली आणि माणसं उरलेल्या जागेत. इथे जबाब उर्दूत मिळतो, तुम्ही मराठीत उतरवता. आणि मग अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे लक्ष जातं. सात-आठ वर्षांची आहेत, दहाची आहेत. मांडीवरची फार थोडी. वयाच्या रकान्यात वर्षाच्या आतलं पोर क्वचितच लिहावं लागलंय, हे तुम्हाला आत्ता ध्यानात येतं. १८९९चा पावसाळा कोरडा गेला, त्याआधी १८९६-९७चाही काळ झाला होता. दुष्काळात म्हातारी आणि लेकरं मरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. न जन्मलेल्यांची मोजणी अशी, दहा वर्षांनी एकदा, रिकाम्या रकान्यात होते. १८९१ला वऱ्हाडात २८,९७,४९१ माणसं होती, आज रात्री २७,५४,०१६ भरणार आहेत. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी दीड लाखाला थोडी कमी एवढी घट.

तुमच्या गावाचा आकडा २६,०८२.

हा आकडा हातात धरून थोडं थांबा, कारण मला जे सांगायचंय ते यातच आहे. त्याच रात्री अमरावतीत ३४,२१६ माणसं मोजली गेली आणि अकोल्यात २९,२८९. तिन्ही गावं एका अंगाची. एलिचपूर तर त्यांत मानाने थोरलं. १४९०मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने बहामनींपासून फुटून वऱ्हाडची इमादशाही मांडली, तिची राजधानी हे गाव. तेराव्या शतकातही दख्खनच्या नामांकित शहरांत त्याचं नाव घेतलं जाई. १९०१ला ते जिल्ह्याचं ठिकाण आहे, जिल्ह्याची लोकवस्ती २,९७,४०३. आणखी चार वर्षांनी, १९०५ला, हा जिल्हा अमरावतीत विलीन होईल. अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी तुम्हाला पुढे प्रत्येक निवडणुकीत ऐकू येईल.

आता चौतीस वर्षं मागे या, फार वेळ लागणार नाही. नोव्हेंबर १८६७. वऱ्हाडची पहिली खानेसुमारी. प्रांत निजामाचा आहे, पण १८५३च्या तहापासून कारभार इंग्रजांकडे. बावीस लाखांवर माणसं भरतात. पण त्या वर्षाची खरी बातमी माणसांच्या मोजणीची नव्हे. त्याच वर्षी मुंबईहून निघालेली लोखंडी सडक अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, मँचेस्टरला वऱ्हाडच्या कापसाची चव लागलेली होती, आणि रूळ कापसाच्या मागे आले. अकोला रुळावरच. अमरावती बडनेऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, तिला फाटा मिळाला. एलिचपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन नद्यांच्या बेचक्यात, बाजूला राहिलं. राजधानीला डोंगराची पाठ लागते, कापसाच्या गाठीला स्टेशन.

एलिचपूरला गाडी आली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आणि तीही अरुंद रुळांची. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. किलिक निक्सन कंपनीची ही शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३पासून १९९४पर्यंत ही गाडी ओढत राहिलं. प्रेमाने बोलतात लोक तिच्याबद्दल, मीही बोलतो. पण तिच्या वेगाने गाव वाढायचं म्हटलं तर काय होणार, ते पुढच्या रकान्यांत दिसेल.

१९३१ पटकन पाहून घ्या. २६ फेब्रुवारी, प्रांताचं नाव मध्यप्रांत आणि वऱ्हाड. काँग्रेसने शिरगणतीवर बहिष्कार पुकारला आहे, आणि काही दारांवरचे आकडे रातोरात पुसले गेलेत. सगळ्यांची जात सरसकट लिहून छापली जाण्याची ही शेवटची वेळ, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही नेहमीसारखे पोटजातींवरून वैतागता. १९५१ला तोच वाडा मध्य प्रदेश राज्यात मोजला जातो. १९५६ला तो मुंबई राज्यात जातो. भिंत तसूभर हललेली नाही. निजामाचा प्रदेश, ब्रिटिश प्रांत, मध्य प्रदेश, मुंबई आणि १९६०पासून महाराष्ट्र: वट्ट्यावर बसल्या जागी इतकी राज्यं पाहिलेला म्हातारा वऱ्हाडात प्रत्येक गावी होता.

मार्च १९६१ला मात्र सावकाश चला.

या वेळी कागद बदललेत. आधी घरांची यादी झाली. भिंत कशाची, छप्पर कशाचं, घराचा वापर काय, खोल्या किती, हे सारं आता विचारायचं आहे. आणि घर मोजायचं म्हणजे चूल मोजायची: जे एका स्वयंपाकावर जेवतात ते एक कुटुंब. वाड्यात शिरता. अंगण तेच, विहीर तीच, पण मध्ये तट्टा उभा राहिलाय, पऱ्हाटीच्या काड्या विणून वर शेण-माती लिंपलेला. तट्ट्याच्या अलीकडे एक चूल, पलीकडे दुसरी, आणि कोठ्यात बैल उरले नाहीत तिथे तिसरी. थोरला म्हणतो, "अजून एकच हावोत आमी." धाकट्याची बायको तट्ट्यापलीकडून म्हणते, "सैपाक येगळा हाये, मास्तर." तुम्ही तीन कुटुंबं लिहिता. भावाभावांत जे अजून तोंडाने बोललं गेलं नव्हतं, ते सरकारी कागदावर आधी आलं. थोरला तुमच्याकडे बघत नाही.

मग वेशीबाहेर, वस्तीच्या टोकाला जा. मातीची बुटकी घरं, गवताची छपरं, अंगण मात्र सारवून लख्ख. मागच्या मोजणीला इथला मास्तर बाहेरच उभा राहून लिहून गेला होता. या वेळी तुमच्यासमोर बाज टाकली जाते. तुम्ही बसता.

"धर्म?"

"बौद्ध."

हा शब्द सांगताना तो माणूस उभा राहिलाय. १४ ऑक्टोबर १९५६ला मूर्तिजापूरला गाडी बदलून नागपूरला गेलो होतो, असं तो सांगतो, तेही तुम्ही न विचारता. शेजारच्या घरी तेच उत्तर, त्याच्या शेजारी तेच. रकान्याखाली रकाना भरत जातो. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ला बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ला ती २७,८९,५०१ भरली. जगाच्या पाठीवर दहा वर्षांत एका रकान्यात एवढी उलथापालथ झाल्याची उदाहरणं शोधावी लागतील. पण तुमच्या सूचनापुस्तिकेत आणखी एक ओळ आहे: अनुसूचित जात फक्त हिंदू किंवा शिखाचीच लिहायची. म्हणजे या माणसाने खरं सांगितलं तर केंद्राच्या यादीतून तो बाहेर. त्याला हे ठाऊक आहे.

"ठाव हाये," तो म्हणतो. "लिवा बौद्ध."

ती ओळ दुरुस्त व्हायला १९९० उजाडलं.

पुढची तीन दशकं मी गाळतोय. १९७१, १९८१, १९९१: वाड्यात तट्ट्याच्या जागी विटेची भिंत येते, कवेलू उतरून टिन चढतं, विहिरीवर लोखंडी जाळी बसते. गावात विदर्भ मिलचा भोंगा असतो तोवर पगाराची माणसं पुऱ्यांमध्ये दिसतात. बाकी हालचाल फारशी नाही.

मे २०१०. आता तुम्ही शिक्षिका आहात, सुट्टीवर पाणी सोडून घरयादीला निघालेल्या. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये कांदा आणि हातात पस्तीस प्रश्नांचा कागद. बाई असल्याचा फायदा एवढा की तुम्हाला थेट चुलीपर्यंत प्रवेश आहे. वाड्यात आता सात कुटुंबं निघतात. त्यांतलं एक भाडेकरूचं, मेळघाटातून कामाला आलेल्या कोरकू जोडप्याचं.

छप्पर कशाचं? एकाच वाड्यात कवेलू, टिन आणि स्लॅब, तीन कुटुंबांची तीन उत्तरं. कवेलू हाताने थापलेले की मशीनचे, हेही सांगायचं आहे. भिंत? खाली माती, वर वीट. तुम्ही वीट लिहिता आणि मनाशी जरा चुकचुकता. सैपाक कशावर? गॅस आहे, पण भाकरी मागे चुल्ह्यावरच, कारण सिलिंडर पुरवायचा असतो. दोन्ही खरं आहे आणि खूण एकावरच करायची आहे. टीव्ही आहे. मोबाईल तीन आहेत. संडास?

"पलीकडच्या घरी हाये नं. आमी तिकडंच जातो."

म्हणजे या कुटुंबाला नाही. देशाच्या पातळीवर त्या मोजणीत फोन असलेली कुटुंबं ६३.२ टक्के निघाली आणि घराच्या आवारात संडास असलेली ४६.९ टक्के. वर्तमानपत्रांनी त्यावर खूप विनोद केले. तुम्हाला तो विनोद वाटत नाही, कारण फोन एका माणसाला घेता येतो. संडासाला जागा लागते, आणि सात वाटण्या झालेल्या वाड्यात ती कुणाच्या हिश्श्यातून काढायची यावर कोर्टकज्जे झालेले आहेत.

आणि मग तो प्रश्न, जो विचारताना तुम्ही आवाज खाली आणता. राहायच्या खोल्या किती? एक. लग्न झालेली जोडपी किती? सासू तुमच्याकडे पाहते, सून भांड्यांकडे. "तीन," सासू म्हणते. "बुढा बाहीर सपरीत निजते, मी देवळात. लिवून घ्या तुमी." दिल्लीत कुणीतरी हा प्रश्न शहाणपणाने घातला, हे माझं मत आहे. दाटी म्हणजे काय ते या दोन आकड्यांतून जितकं कळतं, तितकं चौरस फुटांतून कळत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत माणसं मोजायला तुम्ही पुन्हा येता. २८ तारखेच्या रात्री बसस्टँडवर आणि दर्ग्याच्या आवारात झोपलेल्यांची मोजणी, आणि घड्याळात बारा वाजले की १ मार्च २०११ हा मोजणीचा क्षण. अचलपूर नगरपरिषद, जोडगाव परतवाड्यासकट: १,१२,३११. दहा वर्षांपूर्वी १,०७,३०४ होते. म्हणजे दशकात पाच टक्केही वाढ नाही, जेव्हा अमरावती जिल्हा जवळपास अकरा टक्क्यांनी वाढला. आणि एकेकाळची ती दोन भावंडं? अमरावती ६,४७,०५७. अकोला ४,२५,८१७. एकशे दहा वर्षांत अमरावती एकोणीसपट झाली, अकोला साडेचौदापट, आणि परतवाडा पोटात घेऊनही अचलपूर चारपटीच्या जरासं वर.

यावर हळहळ करणारे खूप भेटतात. माझं म्हणणं वेगळं आहे. हे गाव आकसलेलं नाही, ते आत वाटलं गेलंय. माणसं थोडी वाढली, चुली कितीतरी जास्त. ज्याला बाहेर वाढायला रेल्वे, कारखाना, कचेरी मिळाली नाही, ते गाव भिंतीला भिंत लावून आतल्या आत वाढतं. आणि ज्यांना त्या भिंती काचतात ते निघून जातात. जन्म इथे, मोजणी दुसरीकडे. मुंबईची फिनले मिल इथे आली तेव्हा काही घरांनी परत यायचा विचार केला होता. कोविडमध्ये ती थांबली तशी थांबलीच. शकुंतलाही बंद आहे, रुळांवर बाभळी उगवल्यात.

२०२१ला कुणीच दारात आलं नाही. सोळा वर्षांचा खंड पडला. २०२६च्या उन्हाळ्यात घरयादीसाठी तुम्ही पुन्हा त्याच गल्लीत आहात, या वेळी कागदाशिवाय, मोबाईलवर. पुढची मोजणी १ मार्च २०२७च्या मध्यरात्रीची, आणि तीत प्रत्येकाची जात पुन्हा विचारली जाणार आहे, १९३१नंतर पहिल्यांदा. वाड्यातल्या सातांपैकी दोन दारांना कुलूप. तिसऱ्या दारात आजी बसल्या आहेत. घरात त्या आणि आजोबा.

"अन् पोरगा?"

"पुण्याले हाये. त्यालेबी लिवा."

"आजी, तो तिथं राहतो, तिथंच लिहितील त्याला."

"राशन कार्डात नाव इथंच हाये त्याचं. हिस्साबी इथंच हाये."

तुम्ही समजावता, त्या ऐकत नाहीत. शेवटी त्या विषयाला बगल देऊन तुम्ही पुढच्या प्रश्नावर बोट ठेवता. घरात इंटरनेट आहे का? पोराने लावून दिलंय. प्यायचं पाणी? नळाचं, एक दिवसाआड. घरात मुख्य धान्य कोणतं खाता?

"ज्वारी," आजी ठणकावून सांगतात.

आतून आजोबांचा आवाज येतो. "ज्वारी कुठची आता? दुकानातून गहू येते अन् पोळ्या करते. खरं सांग त्याईले."

"तुमी चूप बसा. लिवा बाई, ज्वारी."

मोबाईलवर पर्याय उघडे आहेत आणि एकावरच बोट ठेवता येतं.